सुलोचनादीदी, आईचा डोळा आणि गीता २.११

आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ११

भावार्थ: भगवान अर्जुनाला म्हणतात, ज्यांच्यासाठी शोक करायचं कारण नाही त्यांच्यासाठी तू शोक करतो आहेस, आणि वर शहाण्यासारखं बोलतोही आहेस. जे खरे जाणते असतात ते गेलेल्यांसाठी शोक करत नाहीत आणि असलेल्यांसाठीही करत नाहीत.



आज ४ जून. सुलोचनादीदींना जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे नाव आई-आजीच्या तोंडूनच माहीत असेल. आमच्या कोल्हापुरात मात्र तसं नाही. इथं दीदी म्हणजे घरातलं माणूस. आज वाचनात नेमका हा श्लोक आला, आणि दोन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला. तो फोन सांगितल्याशिवाय या श्लोकावर मला काही लिहिता येणार नाही. आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हेही आधीच सांगतो.

२०२३ चा ४ जून, रविवार. मी पुण्यात होतो. संध्याकाळी मोबाईलवर बातमी आली की दीदी गेल्या. वय ९४. मला एकदम भरून आलं. का, ते तेव्हा कळलं नाही. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. त्यांचे पूर्ण पाहिलेले सिनेमे म्हणाल तर पाच-सहा. तरी बसलो आणि स्टेटस लिहिला. चांगला लांबलचक. त्यांच्या डोळ्यांवर लिहिलं. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. भालजी पेंढारकरांनी डोळे बघूनच हे नाव दिलं असं सांगतात. पडद्यावरच्या या आईच्या डोळ्यांत अख्ख्या महाराष्ट्राला आपली आई दिसली, असं काहीसं लिहून शेवटी हात जोडले. अर्ध्या तासात पन्नासेक जणांनी पाहिलं. रडणाऱ्या इमोजी आल्या. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग आईचं उत्तर आलं. टाइप केलेलं नव्हतं, व्हॉइस मेसेज होता. "शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतलो बघ तुझं. छान लिहिलायस. जेवलास काय?"

(आमच्याकडं बायकासुद्धा 'घेतलो-आलो-गेलो' म्हणतात. पुण्याच्या मित्रांना गंमत वाटते.)

वाचून घेतलो. दोन वेळा ऐकल्यावर डोक्यात उजेड पडला. गुरुवारी, म्हणजे १ जूनला, आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी जाणार होतो. तारीख मला विचारूनच ठरवली होती. पण त्याच आठवड्यात आमचं रिलीज होतं, आणि मी म्हणालो, "आई, छोटंसं ऑपरेशन असतंय, अर्ध्या तासात घरी सोडतात." शेजारचा मुलगा तिला रिक्षातून घेऊन गेला. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, त्यामुळे घरात दुसरं कुणी नाही. गुरुवारी रात्री मी एक मेसेज टाकला, "झालं ना व्यवस्थित?" तिचं "हो" आलं. शुक्रवारी रिलीज, शनिवारी झोप. रविवारी मी सुंदर डोळ्यांवर दीडशे शब्द लिहिले, आणि माझ्या आईनं ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतले, कारण तिला मोबाईलकडं बघू नका म्हणून सांगितलं होतं.

मी लगेच फोन केला. तिचा आवाज जड होता. टीव्हीवर दीदींचं दाखवत होते आणि ती काळा चष्मा लावून, समोर न बघता नुसतं ऐकत बसली होती. ती रडली होती हे कळत होतं. आणि मी काय बोललो असेन? मला गीता वाचायला लागून तीन वर्षं झाली होती. मी म्हणालो, "आई, डोळ्याला त्रास होईल. आणि एवढं रडायचं कशाला? वय झालं होतं त्यांचं. गीतेत सांगितलंय, गेलेल्यांचा शोक शहाण्या माणसानं करू नये."

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "रडू नको म्हणून डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलंय बाळा. देवानं न्हवं."

मंडळी, त्या रात्री मी हा श्लोक पुन्हा उघडला. आईला चुकीचं ठरवायला म्हणून नाही, पण थोडं तसंच.

आधी दीदींबद्दल थोडं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुलोचना लाटकर यांचा जन्म १९२८ चा, निपाणीजवळच्या खडकलाट गावचा. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्यांना पहिलं काम मिळालं आणि मग त्या कोल्हापुरात भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. शाळा जी काही झाली ती तिथं. भाषा, चालणं, घोड्यावर बसणं, सगळं. हा तोच जयप्रभा, जो १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत जाळला गेला. 'मीठभाकर' हा भालजींचा सिनेमा त्या आगीत गेला आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून उभा केला. अशा माणसाच्या हाताखाली दीदी घडल्या.

पुढं 'वहिनींच्या बांगड्या', 'सांगत्ये ऐका', 'मोलकरीण', 'एकटी'. 'मराठा तितुका मेळवावा' मधल्या जिजाऊ. १९५९ पासून हिंदीत आईच्या भूमिका. गंमत बघा, 'दिल देके देखो' मध्ये त्या शम्मी कपूरच्या आई झाल्या तेव्हा त्यांचं वय जेमतेम ३१, आणि शम्मी कपूर त्यांच्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी लहान. 'जॉनी मेरा नाम' मध्ये तर त्या देव आनंद आणि प्राण यांच्या आई आहेत, आणि दोघंही त्यांच्यापेक्षा वयानं मोठे! तरी बघताना एकदाही खोटं वाटत नाही. १९९९ ला पद्मश्री, नंतर महाराष्ट्र भूषण. गेल्या तेव्हा दादरला शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

मग प्रश्न काय आहे?

प्रश्न असा की, ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, त्याच्या जाण्याचं दुःख खरं असतं का? की तो नुसता मोह?

मानसशास्त्रात याला 'पॅरासोशल' नातं म्हणतात. हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली, टीव्ही नवा होता तेव्हा, हा शब्द काढला. एका बाजूनंच चालणारं नातं. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत. या चष्म्यातून बघितलं तर उत्तर सोपं वाटतं, की हे सगळं खोटं. पण ते मला पटत नाही. माझ्या आईच्या आवाजात जे होतं ते खोटं नव्हतं.

दीदींच्याच एका सिनेमानं मला यात मदत केली. बिमल रॉय यांचा 'सुजाता', १९५९ चा. एका सुखवस्तू ब्राह्मण घरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली एक अनाथ मुलगी वाढते. ती मुलगी म्हणजे नूतन, आणि त्या घरातली आई म्हणजे दीदी. आई तिला खायला घालते, वाढवते, पण लोकांसमोर ओळख करून देताना म्हणते, ही आमच्या मुलीसारखी. मुलगी नाही, मुलीसारखी. सगळा सिनेमा त्या 'सारखी' शब्दावर उभा आहे. शेवटी आई जखमी होते, रक्त लागतं, आणि सख्ख्या मुलीचं जुळत नाही, या मुलीचं जुळतं. तेव्हा कुठं तो 'सारखी' गळून पडतो. मायेला कष्ट पडले, काहीतरी द्यावं-घ्यावं लागलं, तेव्हा ती खरी झाली.

आता माझा स्टेटस बघा. दीदी माझ्यासाठी 'आईसारख्या' होत्या. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घाल म्हणाल्या नाहीत. रिक्षा बोलव म्हणाल्या नाहीत. रिलीजच्या आठवड्यात सुट्टी काढ म्हणाल्या नाहीत. म्हणून त्यांच्यावर प्रेम करणं मला इतकं सोपं गेलं.

जे माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले आहेत त्यांना सांगतो. टेस्टिंग करताना खऱ्या सर्व्हिसच्या जागी आपण एक 'मॉक' ठेवतो. तो नेहमी वेळेवर आणि हवं तेच उत्तर देतो. सगळे टेस्ट हिरवे दिसतात आणि तिकडं खरी सर्व्हिस बंद पडलेली असू शकते. मुलगा म्हणून त्या रविवारी माझे सगळे टेस्ट हिरवे होते.

श्लोकात मी काय गाळलं होतं

आता श्लोकाकडं परत. मी आईला अर्धाच श्लोक सांगितला होता. शोक करू नको, एवढाच. पण भगवंत अर्जुनाला दोन गोष्टी म्हणतात. तू शोक करतोस, ही पहिली. आणि तू शहाणपणाचं बोलतोस, ही दुसरी. अर्जुन नुसता रडत नव्हता. पहिला अध्याय वाचा. तो कुलधर्म सांगतो, पाप-पुण्य सांगतो, पितरांचं काय होईल ते सांगतो. सगळं बोलणं बरोबर वाटतं. पण ते कशासाठी चाललंय? हातातलं काम टाळण्यासाठी. धनुष्य खाली ठेवून तो रथात बसला आहे, आणि बसण्याचं समर्थन शास्त्रातून करतो आहे.

हे वाचलं आणि मला अक्षरशः घाम फुटला. काळा चष्मा लावून बसलेल्या आईला हा श्लोक लागू नव्हता. तो मला लागू होता. काम टाळून शहाण्यासारखं बोलणारा त्या फोनवर एकच माणूस होता, आणि तो मी होतो. गीता मी तिच्या अश्रूंवर फेकली होती, म्हणजे माझं न जाणं झाकलं जाईल.

आणि खुद्द अर्जुनाचं पुढं काय झालं तेही आठवा. एवढी अख्खी गीता ऐकून झाल्यावर, तेराव्या दिवशी अभिमन्यू गेला, तेव्हा अर्जुन रडला. ढसाढसा रडला. तेव्हा भगवंत 'तुला सांगितलं होतं ना' असं म्हणून त्याला टोचत नाहीत. धीर देतात. सुभद्रेकडं जाऊन तिचंही सांत्वन करतात. आणि दुसऱ्या दिवशी तोच अर्जुन रथात उभा असतो. गीतेनं त्याचे डोळे कोरडे केले नाहीत. रडूनसुद्धा उभं राहायला शिकवलं.

आपल्या वारकरी परंपरेत तर हे आणखी स्पष्ट आहे. ज्ञानोबा माऊलींनी आळंदीला समाधी घेतली त्या प्रसंगावर नामदेवरायांचे अभंग आहेत. तिथं सगळे संत रडतात. खुद्द पांडुरंग गहिवरतो. आत्मा अमर आहे हे त्या मंडळींना माहीत नव्हतं असं आपण म्हणणार का?

म्हणजे अश्रू आले हा दोष नाही. अश्रूंनी आपल्याला कुठं नेलं, हे बघायचं. काम टाळायला नेलं तर तो शोक. ज्याचं देणं आहे त्याच्याकडं नेलं तर ते स्मरण.

इथं एक सावधगिरीही सांगतो. अभिनेत्यांच्या जाण्याचं दुःख कधीकधी भलतीकडंच जातं. २०२० मध्ये एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर आपण सगळ्यांनी ते पाहिलं. दोन दिवस हळहळ, आणि मग कित्येक महिने अनोळखी माणसांना शिव्याशाप. याच अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक हीच पायरी-पायरीची घसरण सांगतात. सतत त्याच विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, त्यातून क्रोध, आणि मग विवेक संपतो. तेही प्रेमापोटीच सुरू झालेलं असतं.

बहुरूपी

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात माऊलींनी बहुरूप्यांचा दृष्टांत दिला आहे. बहुरूपी राजा-राणीची सोंगं घेतात. आपण खरोखर राजा किंवा राणी आहोत असा भाव त्यांच्या मनात नसतो. पण लोकांसमोर ते सोंग जसं वठवायला हवं तसंच वठवतात, कसर ठेवत नाहीत. ज्ञानी माणसानं कर्म असं करावं, असं माऊली म्हणतात.

मला वाटतं, दीदींनी आयुष्यभर हेच केलं. आपण देव आनंदच्या आई नाही हे त्यांना माहीत होतं. तरी कॅमेरा सुरू झाला की कसर नाही. आणि माझं उलटं. माझ्या वाट्याला आलेली भूमिका खरी होती. आई खरी, डोळा खरा, मी खरा मुलगा. आणि ती मी 'छोटंसं ऑपरेशन असतंय' म्हणून उरकली. सोंगात त्यांनी जेवढा जीव ओतला, तेवढा मी खऱ्यात ओतला नाही.

म्हणून दीदींच्या स्मरणाचा मला कळलेला अर्थ एवढाच. त्यांच्या डोळ्यांवर लिहिण्यापेक्षा त्यांच्यासारखी कसर न ठेवता आपली भूमिका करणं.

पुढं काय झालं

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी कोल्हापूरला गेलो. फार मोठं काही केलं असं समजू नका. ऑपरेशन तर होऊन गेलं होतं. दोन दिवस राहिलो, डोळ्यात औषध घातलं. पहिल्यांदा हात इतका थरथरला की थेंब गालावर पडला. ती हसली, "कॉम्प्युटर चालवतोस म्हणं."

मग मी विचारलं, "आई, परवा एवढं रडायला काय झालं होतं?"

तेव्हा तिनं सांगितलं. ती लहान असताना आजी तिला आणि मामांना कागलहून एसटीनं कोल्हापूरला सिनेमाला घेऊन यायची. वर्षातून एकदा-दोनदा, पैसे साठवून. 'मोलकरीण' बघितला तेव्हा आजी थेटरात तोंडाला पदर लावून रडली. त्यात दीदी मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राहणारी आई आहेत. परत जाताना एसटीत आजीनं दोन्ही मामांना समोर उभं केलं आणि म्हणाली, "मला असलं करू नका रे." मामा आठ-दहा वर्षांचे. त्यांना काय कळणार! पण आई म्हणाली, "दोघांनी शेवटपर्यंत सांभाळलं बघ तिला."

म्हणजे आई दीदींसाठी रडत होती तेव्हा ती त्या एसटीत होती, आजीच्या शेजारी. तिच्यासाठी दीदी कुणाच्या जागी नव्हत्या. त्या तिला तिच्या आईकडं घेऊन जात होत्या. माझ्यासाठी त्याच दीदी माझ्या आईच्या जागेवर बसल्या होत्या. बाई एकच, सिनेमे तेच, अश्रूही तेच. फरक आमच्या दोघांत होता.

मला असलं करू नका रे, हे वाक्य तिनं मला उद्देशून सांगितलं का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. त्या आठवड्यातही रिलीज होतं. ते एक दिवस पुढं गेलं, आणि जग काही बुडालं नाही. पण मी सुधारलो असंही लिहिणार नाही. परवाच चार दिवस फोन राहिला होता. दर वेळी नव्यानं आठवावं लागतं. त्यालाच साधना म्हणत असावेत.

आजचा अभ्यास

कुणी आवडता कलावंत गेला की रडू आलं तर रडा. लाजू नका, आणि दुसऱ्याला गीता सांगून गप्पही करू नका. पण स्टेटस टाकण्याआधी दोन मिनिटं थांबून स्वतःला विचारा, हा माणूस मला कुणाची आठवण करून देतो? ते माणूस जिवंत असेल तर आधी त्याला फोन करा. ते गेलेलं असेल तर त्याचं एखादं राहिलेलं काम आज करा. स्टेटस त्यानंतर टाका, किंवा विसरलात तरी चालेल.

मी आज घरूनच काम करतोय, कोल्हापुरातून. दुपारी आईला 'मराठा तितुका मेळवावा' लावून देणार आहे. आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय तिला. मला मध्ये एक मीटिंग आहे. बघू, तेवढी पुढं ढकलता येते का.

राम कृष्ण हरी 🙏